नो-प्रेप व्हिनिअर: पेशंटला आठ हवेत, मला दोनच पटतायत, काय करू?

इंदिरानगर_डेंटिस्ट

नमस्कार सगळ्यांना. मी बीडीएस, दीड वर्ष झालं नाशिकला इंदिरानगरमधे स्वतःचं छोटं क्लिनिक टाकून. व्हिनिअर (दातावर पुढून चिकटवायचं पातळ आवरण) केलेत पण सगळे दात घासून केलेले, नो-प्रेप म्हणजे न घासता अजून एकही नाही, म्हणून विचारतेय.

पेशंट २४ वर्षांची मुलगी, अंबडला कंपनीत आहे, डिसेंबरच्या शेवटी लग्न. वरच्या दोन सेंट्रलच्या, म्हणजे अगदी मधल्या दातांच्या, मधे फट आहे, मोजली तर १.२ मिमी. दोन्ही लॅटरल (सेंट्रलच्या शेजारचे दात) बारीक, उजवा तर अगदी खुंटीसारखा, रुंदी ४.५, डावा ५.५. सेंट्रल ८.४ रुंद आणि १० लांब, दोन्ही सारखेच. उजव्या लॅटरलच्या दोन्ही बाजूच्या फटी मिळून १.२ भरतात, डाव्याच्या जेमतेम ०.३. हिरड्या चांगल्या, कीड नाही, एकही फिलिंग नाही, दातांचा रंग ए२ शेडच्या जवळ. ओव्हरजेट (वरचे दात खालच्यांच्या किती पुढे) २, ओव्हरबाइट (खालच्यांना किती झाकतात) २ मिमी. झोपेत दात खात नाही म्हणते, आणि दातांवर झिजल्याच्या खुणाही मला दिसल्या नाहीत.

आई सोबत होती, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, डॉक्टर चांगले दात घासून बारीक करणार असाल तर आम्हाला नकोच, आमच्या जाऊबाईंचं तसंच झालं. मुलीने मोबाइलवर रील दाखवली, वरचे आठ दात न घासता पांढरेशुभ्र. त्याआधी त्या शहरातच एका ठिकाणी जाऊन आल्या होत्या, तिथे आरसा घालून पाच मिनिटांत आठ नो-प्रेप सांगितले, शिवाय आवडले नाहीत तर कधीही काढता येतात असंही सांगितलं. मॉडेल नाही, फोटो नाही, एक्सरे नाही. आता ती माझ्याकडेही आठच मागतेय आणि मला आतून वाटतंय की सुळ्यांना आणि त्यांच्या मागच्या प्रीमोलरना हात लावायचं काही कारणच नाहीये, पण मला ते नीट समजावून सांगता येत नाहीये.

तर आठ, चार की दोन? सेंट्रलमधली फट व्हिनिअरनेच बुजवायची का? दात कापलेलाच नाही तर मार्जिन, म्हणजे व्हिनिअरची कड, कुठे संपवायची? आणि न घासलेल्या इनॅमलवर (दाताच्या वरच्या कठीण थरावर) चिकटवताना काही वेगळं करावं लागतं का? फोटो टाकत नाही, तिची परवानगी घेतलेली नाही.

प्रोस्थो_गंगापूररोड

मॅडम, आकडे मोजून दिलेत ते फार बरं केलं, कारण तुमचं उत्तर त्या आकड्यांतच आहे.

आधी एक गोष्ट, जी पेशंटलाही याच शब्दांत सांगा. नो-प्रेप हा काही मटेरियलचा प्रकार नाही, दातावर भर घालणं आहे. आपण काहीच काढत नाही, फक्त वाढवतो, त्यामुळे वाढवायला जागा आहे का एवढाच प्रश्न. दात बारीक आहे, आखूड आहे, आत झुकलाय, फटी आहेत, कडा झिजल्यात, ओठाला आधार कमी पडतोय, अशा ठिकाणी नो-प्रेप सुंदर होतं. दात आधीच पुढे आहेत, वेडेवाकडे एकमेकांवर चढलेत, काळपट आहेत, टेट्रासायक्लिनचे डाग आहेत, तिथे ०.३ मिमीची काच काही लपवत नाही, आणि लपवण्याइतकी जाड केली तर दात ओठाबाहेर येतो.

आता तुमची केस. खुंटीसारखा लॅटरल म्हणजे नो-प्रेपसाठी सगळ्यात चांगला दात, घासायला तिथे आहेच काय, सगळं घालायचंच आहे. म्हणून दोन लॅटरल नक्की. सुळे मात्र कमानीच्या कोपऱ्यावर असतात, तसेच उठून दिसतात, त्यावर अर्धा मिलिमीटर चढवला की चेहरा पहिले सुळेच दाखवतो. प्रीमोलरचं तर कारणच नाही. ए२ रंग तिला पिवळा वाटत असेल तर ब्लीच करा, त्याला व्हिनिअर कशाला. फक्त ब्लीचनंतर निदान दोन आठवडे थांबूनच बाँडिंग (चिकटवणं) करा, दातात ऑक्सिजन उरलेला असतो आणि त्याने चिकटवायचं रेझिन नीट कडक होत नाही.

खरी गोम सेंट्रलमधे आहे. ८.४ रुंद आणि १० लांब म्हणजे रुंदी लांबीच्या ८४ टक्के. डोळ्याला बरा दिसणारा सेंट्रल साधारण ७५ ते ८० टक्क्यांत बसतो, म्हणजे हे दात आत्ताच थोडे चौकोनी आहेत. १.२ ची फट व्हिनिअरने बुजवायची तर प्रत्येकी ०.६ वाढणार, ९ रुंद आणि १० लांब, ९० टक्के. फट जाईल पण मधे दोन पाट्या बसवल्यासारखे दिसतील आणि बाजूचे लॅटरल अजून बारीक वाटतील. लांबी वाढवून प्रमाण जुळवता येतं, पण बाइट आणि ओठ परवानगी देतात का ते आधी बघावं लागेल. अजून एक, प्रोब घालून सीईजे शोधा, म्हणजे इनॅमल संपून मूळ सुरू होतं ती रेघ. हिरडी दातावर खाली आलेली असेल तर दात मुळात आखूड नाहीच, झाकलेला आहे.

आता उलटं करून बघा. फट बुजवूच नका, सरकवा. दोन्ही सेंट्रल ०.६, ०.६ मधे आणले की तेवढीच जागा त्यांच्या मागे, लॅटरलच्या बाजूला मोकळी होते. उजवा ४.५ अधिक १.२ अधिक ०.६, ६.३. डावा ५.५ अधिक ०.३ अधिक ०.६, ६.४. लॅटरलची सरासरी रुंदी साडेसहाच्या आसपास असते. म्हणजे दोन्ही लॅटरल जवळजवळ सारखे होतील, सेंट्रलला हातही लागणार नाही, आणि व्हिनिअर लागतील दोन. अशी बेरीज जुळून आली की मला फार बरं वाटतं.

अलायनरमधे (दात सरकवणारे पारदर्शक ट्रे) एका ट्रेला साधारण पाव मिलिमीटर धरतात, हिशोबाने तीन-चार ट्रे, पण मुळं पण सरळ राहायला हवीत म्हणून त्याहून जास्त धरा. ऑर्थोवाल्यांना (दात सरकवणाऱ्या डॉक्टरांना) दाखवाच. आणि वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी दोरी बघा, ओठ ताणल्यावर सेंट्रलमधली हिरडी पांढरी पडतेय का, पडत असेल तर ती फट पुन्हा उघडायला बघणार. जीभ पुढे ढकलायची सवय आहे का ते पाणी गिळायला लावून बघा. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) आणि लॅटरलचे आयओपीए (छोटे एक्सरे) घ्याच, बारीक लॅटरलसोबत सुळा टाळूत अडकलेला असणं किंवा एखादा दात मुळातच नसणं हे सोबत सापडतं, आणि अशा लॅटरलच्या आत इनॅमल दुमडून गेलेलं असू शकतं, त्या खाचेतून कीड सरळ नसेपर्यंत जाते.

आणि कधीही काढता येतात हे तिला सांगू नका, ते खरं नाही. इनॅमलला ॲसिड लावलं की वरचे काही मायक्रॉन गेले ते गेले, आणि चांगलं चिकटलेलं व्हिनिअर काढायचं तर बरने (ड्रिलच्या टोकाने) कापत जावं लागतं, कुठे पोर्सेलीन संपलं आणि कुठे दात सुरू झाला हे बरला कळत नाही. लेझरने सोडवता येतात, पण ती सोय किती ठिकाणी आहे. "दात घासावा लागणार नाही" असं म्हणा, "परत होता तसा होईल" असं म्हणू नका.

मी स्वतः हे चुकलोय म्हणून एवढं लिहितोय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका मुलीला सहा नो-प्रेप बसवले, दात आधीच जरा पुढे होते, मला दिसत होतं आणि तरी केले कारण तिला घासायचे नव्हते आणि मला नाही म्हणता आलं नाही. चार महिन्यांनी आली तेव्हा सहाही दातांच्या हिरड्या लाल, ब्रश लावला की रक्त, आणि म्हणाली सर ओठ मिटताना जोर लावावा लागतो. सगळे काढले, फुकट पुन्हा केले, पण तिच्या इनॅमलवर माझे बरचे ओरखडे राहिले ते राहिलेच. त्यानंतर मॉकअप (दातांवर तात्पुरता नमुना) केल्याशिवाय मी हो म्हणत नाही.

सिरॅमिक_नाशिकरोड

मी डॉक्टर नाही, लॅबमधे आहे, बावीस वर्षं पोर्सेलीन लावतोय. मॅडमनी मार्जिनचं विचारलंय म्हणून लिहितो कारण रोज याच्यावरच अडतं.

नो-प्रेपचं मॉडेल येतं तेव्हा त्यावर फिनिश लाइन (दात कापल्याची हद्द) नसतेच, कापलंच नाही तर येणार कुठून. मग डॉक्टर म्हणतात तू बघ रे कुठे संपवायचं. मी बघतो, पण हिरडी कुठे बसते आणि ओठ किती वर जातो हे मला मॉडेलवर कसं दिसणार? म्हणून बारीक पेन्सिल घेऊन मॉडेलवर स्वतः आखून द्या, इथून इथपर्यंत. स्कॅन पाठवत असाल तर स्क्रीनवर आखा. दाताचा सगळ्यात फुगीर भाग कुठे आहे ते बघा, त्याच्या वर हिरडीकडे जाऊन संपवलं तर तिथे पायरी होते, जेवण अडकतं, हिरडी सुजते. व्हिनिअर दातावर अंगठ्याच्या नखासारखं विरत जायला पाहिजे, कडेला नुसती धार. ही धार ठेवणं सगळ्यात अवघड काम आहे, हातात घेतली तरी कचकन तुटते.

दुसरं म्हणजे बसवायचा रस्ता. दाताच्या दोन्ही बाजूंना अंडरकट (आत गेलेला भाग) असेल तर व्हिनिअर समोरून सरळ आत जात नाही. लॅटरलचं मी बऱ्याचदा वाकडं, कडेकडून थोडं फिरवून जाईल असं डिझाइन करतो. तरी अडत असेल तर मी फोन करून सांगतो की मॅडम अमुक कोपऱ्यावर कागदाएवढं घासा, इनॅमलमधेच, आणि ते पेशंटला आधी सांगून ठेवा. एवढ्याने काही बिघडत नाही पण मग शंभर टक्के नो-प्रेप म्हणायचं नाही एवढंच.

मटेरियल म्हणाल तर फेल्डस्पॅथिक पोर्सेलीन मी थरावर थर लावून ०.३ पर्यंत करतो, खाली रिफ्रॅक्टरी डाय (भट्टीत टिकणारा दाताचा नमुना) असते. ई-मॅक्स (दुसरं एक सिरॅमिक) प्रेस करून पण तेवढं पातळ जमतं आणि तुटायला जरा कमी घाबरावं लागतं. तुमच्या खुंटीच्या दातावर मात्र कडांना एक-एक मिलिमीटर भर येणार, तिथे खाली दात नाही, उजेड आरपार जातो आणि कडा करड्या दिसतात, तर मी तिथे आतून थोडं डेंटीनचं (दाताच्या आतल्या थरासारखं) पोर्सेलीन देतो. त्यासाठी मला फोटो लागतो, शेड टॅब (रंगाचा नमुना) दाताच्या शेजारी धरून. आणि फोटो सगळ्यात आधी काढा, दात वाळले की फिके दिसतात. अर्धा तास तोंड उघडं ठेवून शेवटी फोटो काढला तर मी फिकट करून पाठवणार आणि दुसऱ्या दिवशी दात परत आपल्या रंगावर येणार, मग फोन मलाच.

देवळालीची_मी

इथे सगळे डॉक्टर आहेत पण मला राहवलं नाही. माझे आठ आहेत. न घासलेले. तीन वर्षं झाली. कुठे केले ते लिहीत नाही.

मला पण आठच सांगितले होते आणि मी पण आनंदाने हो म्हटलं कारण दुखणार नाही, घासणार नाही, एका आठवड्यात होणार. बसवल्यावर पहिल्या दिवशीच वाटलं की तोंडात दुसऱ्याच कुणाचे तरी दात आहेत. डॉक्टर म्हणाले सवय होईल. बोलताना फ म्हणायला गेलं की ओठ दातावर आदळायचा, मी शिक्षिका आहे हो, दिवसभर बोलते, वर्गात मुलं बघत बसायची. फ्लॉस जायचाच नाही, दोन-दोन दात एकमेकांना चिकटलेले होते हे मला दीड वर्षाने दुसऱ्या डॉक्टरकडे कळलं. तोंडाला वास यायचा आणि मला वाटायचं माझं पोट खराब आहे.

मला कुणी आधी असे नुसते तात्पुरते लावून घरी पाठवलं असतं ना तर मी दुसऱ्या दिवशी परत येऊन नको म्हटलं असतं. त्या मुलीला प्लीज घरी पाठवा लावून. आरशात क्लिनिकमधे सगळं छानच दिसतं, घरी आल्यावर नवरा, सासू, पोरं बघतात आणि फोनवर आपला आवाज आपल्याला ऐकू येतो तेव्हा कळतं.

काँपोझिटप्रेमी_सिन्नर

ताई तुमचं वाचून वाईट वाटलं. पंचवटीत डेंटल कॉलेज आहे तिथल्या पेरिओ (हिरड्यांच्या) विभागात हिरड्या एकदा दाखवून घ्या, चिकटलेल्या कडा मोकळ्या करून पॉलिश केल्या तरी पुष्कळ फरक पडतो, सगळे काढायलाच लागतील असं नाही.

मॅडम, प्रोस्थो सरांचा हिशोब मला पटला, माझं एवढंच म्हणणं आहे की २४ वर्षांच्या मुलीला सिरॅमिकची घाई कशाला? दोन बारीक लॅटरल रबर डॅम (दाताभोवती रबरी पडदा) लावून काँपोझिटने (दाताच्या रंगाच्या फिलिंगने) एका बैठकीत होतात, तेही नो-प्रेपच की. वॅक्सअपवरून (मॉडेलवर मेणाने केलेल्या आकारावरून) पुट्टीची इंडेक्स (साचा) करा, मागची भिंत तिच्यावर घ्या, मग डेंटीन, मग इनॅमल शेड. टवका उडाला तर अर्ध्या तासात जोडता येतो, पोर्सेलीनचं तसं नाही. चहा आणि हळदीने कडा पिवळ्या पडतात हे खरं, वर्षातून एकदा पॉलिश करायला बोलवायचं. आणि लग्नाची तारीख डोक्यावर असताना लॅबच्या मागे लागावं लागत नाही.

प्रोस्थो_गंगापूररोड

सिन्नरच्या डॉक्टरांशी अर्धा सहमत. लग्नासाठी काँपोझिट, हो, अगदी. पण कायमचं म्हणाल तर खुंटीच्या दाताला जो एक-दीड मिलिमीटर भर लागतो तिथे पोर्सेलीनचा पृष्ठभाग वर्षानुवर्षं गुळगुळीत राहतो, हिरडीला तो जास्त मानवतो, हे मी माझ्याच पेशंटमधे बघतोय. तिच्या हातात चांगला डॉक्टर आणि दर वर्षी येण्याची शिस्त असेल तर काँपोझिटही दहा वर्षं चालेल, नाकारत नाही.

क्रम असा ठेवा: आधी सेंट्रल सरकवा, नोव्हेंबरपर्यंत होऊ द्या, मग सेंट्रलच्या मागून पातळ वायरचा रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून) चिकटवा, मग दोन्ही लॅटरल काँपोझिट, आणि त्यानंतर रात्रीचा रिटेनर नव्याने स्कॅन करून करा कारण लॅटरलचा आकार बदललेला असणार. आधी काँपोझिट करून मग सेंट्रल सरकवले तर सेंट्रल आणि लॅटरलच्या मधे पुन्हा फट उघडेल. पोर्सेलीन लग्नानंतर सावकाश.

आणि देवळालीच्या ताईंनी जे लिहिलंय ते प्रत्येक डेंटिस्टने वाचावं.

इंदिरानगर_डेंटिस्ट

नऊ दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार, तुमच्यामुळे मी त्या मुलीशी न घाबरता बोलू शकले.

ओपीजी साफ, सुळे दोन्ही जागेवर, नसेचं काही नाही. उजव्या लॅटरलच्या मागे खोल खाच निघाली, सरांनी सांगितलं होतं म्हणून शोधली, ती सील करून टाकली. ओठाची दोरी ताणली तर हिरडी पांढरी पडत नाही. सीईजे हिरडीच्या कडेच्या जवळच, म्हणजे दात झाकलेला नाही, खरंच १० चाच आहे.

मग मी दोन मॉकअप केले. एक तिला हवा तसा, आठ दातांचा, आणि तिथेच खुर्चीत तिच्याच मोबाइलवर समोरून आणि बाजूने फोटो काढले. फोन, फराळ, व्हिडिओ म्हणायला लावलं, मग साठ ते सत्तर मोजायला लावलं, एकसष्ट बासष्ट त्रेसष्ट, सगळे स आणि ष, आणि त्रेसष्टलाच ती थांबली आणि म्हणाली मॅडम शिट्टी वाजतेय. बाजूचा फोटो आईने बघितला आणि म्हणाली अगं हे तुझं तोंड नाहीये. मला काही समजावून सांगावंच लागलं नाही.

दुसरा मॉकअप मॉडेलवर सेंट्रल कापून मधे सरकवून, वॅक्सअप फक्त लॅटरलचा. तो तोंडात लावता येत नाही कारण दात अजून सरकलेले नाहीत, म्हणून मॉडेलच दाखवलं आणि तोंडात नुसते दोन लॅटरल थोडे भरून दिले, तसेच घरी पाठवले. दोन दिवसांनी आली तेव्हा दोन्ही पिवळे, रविवारी सगळे मिसळ खायला गेले होते. पण आकार घरच्यांना आवडलाय. अलायनरचं स्कॅन ऑर्थोच्या मॅडमकडे झालं.

आता पोर्सेलीन पुढच्या वर्षी असलं तरी मला चिकटवायचं आत्ताच समजून घ्यायचंय. न घासलेल्या इनॅमलचं काय वेगळं?

प्रोस्थो_गंगापूररोड

आई जे एका वाक्यात म्हणाली ते मला वीस मिनिटांत सांगता आलं नसतं.

न घासलेल्या इनॅमलचा सगळ्यात वरचा थर वेगळा असतो, त्यात प्रिझम (इनॅमलच्या सूक्ष्म कांड्या) नीट नसतात, फ्लोराइड जास्त असतं, ॲसिड त्याला कमी खातं. कापलेल्या इनॅमलसारखं समजून चिकटवलं तर कडेने सुटतं. म्हणून आधी फ्लोराइड आणि तेल नसलेल्या प्युमिसने साफ करा, मग ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाने हलकं सँडब्लास्ट, नुसती चमक जाण्यापुरतं. मग ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड ३० सेकंद, भरपूर पाण्याने धुवा, वाळवल्यावर खडूसारखं पांढरं दिसलंच पाहिजे, एखादा कोपरा चमकत असेल तर तिथे परत लावा. १९५५ मधे ब्युओनोकोरने इनॅमलला ॲसिड लावून रेझिन धरतं हे दाखवलं, आणि १९८३ च्या सुमारास सिमोन्सेन आणि कॅलामिया यांनी पोर्सेलीनलाही ॲसिडने खडबडीत करून चिकटवता येतं हे दाखवलं, आपलं सगळं व्हिनिअरचं काम या दोन गोष्टींवर उभं आहे. त्याआधी १९३० च्या दशकात हॉलिवूडमधे पिंकस नावाचे डेंटिस्ट नटांच्या दातांवर पातळ मुखवटे कवळीच्या पावडरने लावायचे आणि शूटिंग झालं की काढून ठेवायचे. नो-प्रेप तेव्हाही होतं, चिकटत नव्हतं एवढंच.

व्हिनिअरचं आतलं अंग: फेल्डस्पॅथिक असेल तर ९-१० टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड ६० ते ९० सेकंद, ई-मॅक्स असेल तर ५ टक्के आणि फक्त २० सेकंद, यात गल्लत करू नका, ई-मॅक्सला जास्त वेळ ठेवलं तर कमजोर होतं. हे सगळं तोंडाबाहेर, ग्लोव्हज आणि चष्मा घालून, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवा, ते ॲसिड त्वचेतून आत जातं आणि लगेच दुखत पण नाही. धुतल्यावर पांढरट साका उरतो तो अल्ट्रासोनिकमधे काढा. मग सिलेन (पोर्सेलीन आणि रेझिन जोडणारं द्रव), एक मिनिट, वाळवा.

त्याच्याही आधी ट्राय-इन, म्हणजे न चिकटवता लावून बघणं. आधी कोरडं, एकेक, मग दोन्ही एकत्र, मग ट्राय-इन पेस्टने रंग. त्या वेळी दाताने चावू देऊ नका, बाइट अजिबात तपासू नका, न चिकटलेलं व्हिनिअर अंड्याच्या टरफलासारखं असतं आणि चिकटलं की इनॅमलचाच भाग होऊन जातं. पेशंटला आरसा द्या, ओठ सोडून हसू द्या, आईलाही बोलवा. हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

रबर डॅम लावा, शेजारच्या दातांना नळाची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळा. सिमेंट फक्त लाइट-क्युअर (लाइटने कडक होणारं) घ्या, ड्युअल-क्युअरमधल्या (लाइटशिवायही कडक होणाऱ्या) अमाइनमुळे काही काळाने रंग पिवळट होऊ शकतो आणि ०.३ मिमीतून तो दिसतो. दोन्ही बाजूंनी बाँड पातळ करा, व्हिनिअरमधे सिमेंट भरून हळू दाबत बसवा, सगळ्या कडांमधून थोडं बाहेर आलं पाहिजे. एक-दोन सेकंद लाइट मारून नुसतं टाचून घ्या, जास्तीचं सिमेंट ब्रशने आणि स्केलरने काढा, फ्लॉस एकदाच आत घालून बाजूने ओढून बाहेर, वर उचलायचा नाही. मग कडांवर ग्लिसरीन जेल आणि प्रत्येक बाजूने पूर्ण ४० सेकंद. ग्लिसरीन का, तर हवेला लागलेला रेझिनचा थर कच्चा राहतो आणि पुढे तोच डाग धरतो.

त्यानंतर १२ नंबरच्या ब्लेडने कडा, मग बाइट, पुढे आणि बाजूला सरकवून. दोन्ही लॅटरलवर पुढे सरकताना भार येता कामा नये. दुसऱ्या आठवड्यात परत बोलवा, हिरडीजवळ सिमेंटचा कण राहिलेला असतोच कुठेतरी, आणि नो-प्रेपमधे तोच सगळ्यात जास्त त्रास देतो. तिला सांगा, दाताने दोरा तोडणं, नखं, बाटलीचं झाकण, चिक्की पुढच्या दातांनी फोडणं बंद. ऊस मागच्या दाताने.

देवळालीची_मी

पंचवटीला जाऊन आले. दोन कडा मोकळ्या केल्या, फ्लॉस जातोय. बाकीचं हळूहळू म्हणालेत. सिन्नरच्या डॉक्टरांना धन्यवाद.

सिरॅमिक_नाशिकरोड

मॅडम पुढच्या वर्षी मॉडेल पाठवाल तेव्हा आखून पाठवा. आणि काँपोझिट झाल्यावर, लग्नाच्या आधी, एक फोटो काढून ठेवा तिचा हसतानाचा, समोरून. तोच आकार मला पोर्सेलीनमधे द्यायचाय.

इंदिरानगर_डेंटिस्ट

हो दादा, तिनेही मला तेच सांगितलंय, मॅडम लग्नातला फोटो पाठवते त्यात बघा. पहिली ट्रे सोमवारी येतेय.